पंचविसावी मेणबत्ती

डोंबिवलीत मेणबत्तीचा सुवर्णकाळ येऊन गेला, तेव्हा आमच्या वहिनी शाळेत भूगोल शिकवत होत्या. २००५च्या सुमाराला भारनियमन असं जोरात होतं की मुंबईतली पाहुणेमंडळी जेवायला थांबत नसत. वाण्याकडे दुधाच्या आधी मेणबत्त्या संपायच्या. आता घरोघरी इन्व्हर्टर आले, वहिनी निवृत्त झाल्या आणि त्यांनी मेणबत्त्यांचा धंदा काढला. मुहूर्त साधणं आमच्या घराण्यात नाहीच.

मी कल्याणला राहतो आणि बँकेत आयुष्य काढलंय, म्हणून हिशोब माझ्याकडे आला. दोनशे ग्रॅमच्या एका बरणीला सोया मेण ८० रुपये, काचेची बरणी ४५, सुगंधी तेल ४०, वात ५, लेबल आणि खोका २५. एकूण १९५. विक्री ३९९ला. नफा २०४! कागदावर हा आकडा पाहून दादाने नोकरी सोडायची भाषा केली. तो निवृत्त होऊन चार वर्षं झाली आहेत, याची त्याला आठवण करून द्यावी लागली.

मग दिवाळीच्या तोंडावर एका हॉलमधल्या प्रदर्शनात टेबल घेतलं. दोन दिवसांचं भाडं पाच हजार. म्हणजे पंचविसावी मेणबत्ती विकली जाईपर्यंत वहिनी हॉलवाल्याच्या नोकरीत. त्यातही ३९९ हा आकडा डोंबिवलीत फक्त संभाषण सुरू करण्यासाठी असतो. सौदा साडेतीनशेला पटतो, नफा १५५ वर येतो आणि नोकरी तेहतिसाव्या मेणबत्तीपर्यंत लांबते. येणारी प्रत्येक बाई आठही बरण्यांची झाकणं उघडून वास घेते, मोगऱ्यापाशी डोळे मिटते आणि शेजारच्या टेबलावर जाऊन भाजणी घेते.

‘घरी केलेली’ या शब्दांचा भावावर काय परिणाम होतो, ते मात्र अभ्यासण्यासारखं आहे. ठाण्याला घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये घरी केलेली म्हटलं की किंमत वाढते. तिथे एका बाईंनी ५९९ देऊन वर ‘सो क्यूट’ म्हटलं. तीच बरणी डोंबिवलीत फडके रोडच्या आसपास दाखवली तर, “घरीच केलीय ना? मग एवढी का?” कल्याणात तिसराच प्रश्न येतो: “बरणी परत आणून दिली तर किती कमी होतील?”

आणि समजा विकली गेली, तरी पुढे काय? धंदा चालतो गिऱ्हाईक पुन्हा आल्यावर, आणि पुन्हा यायला मेणबत्ती जळायला हवी. साडेतीनशे रुपयांची वस्तू काडी लावून जाळायची, हे मराठी मनाला झेपत नाही. ती शोकेसमध्ये ताजमहालाशेजारी जाऊन बसते आणि पाहुण्यांना नुसती हुंगायला मिळते. आमच्या नात्यात गेलेल्या बरण्यांपैकी एकच पेटली, तीही फ्यूज उडाला म्हणून.

वहिनींचं दैवत महाबळेश्वरचे भावेश भाटिया. दृष्टी गेलेला हा माणूस मेणबत्त्या करायला शिकला, बाजारात हातगाडीवर विकू लागला, १९९४मध्ये त्याने ‘सनराइज कँडल्स’ सुरू केलं आणि पुढे कितीतरी अंध माणसांना काम दिलं. विषय निघाला की मी गप्प बसतो. फक्त मनात येतं, त्यांच्याकडे महाबळेश्वरची हवा होती. सोया मेण साधारण पन्नास अंशांना वितळतं, आणि मे महिन्यात बंद टेम्पोत ते पातळ व्हायला डोंबिवली पुरेशी आहे. मे महिन्यात आमचा माल फ्रिजमध्ये असतो, आणि दही बाहेर.

कागदपत्रांचा त्रास म्हणाल तर नाही. उद्यम नोंदणी फुकट झाली. जीएसटीसाठी मालाची वार्षिक उलाढाल चाळीस लाखांच्या वर लागते, तेव्हा त्या खात्याला आमच्याकडून तूर्त धोका नाही.

वर्षअखेरीला मी वही तपासली. नफा होता, खरंच होता. फक्त गॅस घरखर्चात गेलेला, फ्रिजचं बिल दादाच्या नावावर, ठाण्याला माल पोचवणारा मी पासधारक आणि मेण मुरायला आठवडाभर अडवलेली लोणच्याची फळी बिनभाड्याची. बँकेच्या सवयीने मी एक नवा रकाना आखला आणि वर लिहिलं: मजुरी. वहिनींनी चष्मा वर केला.

“भाऊजी, हा भरायचा तर आधी पोळ्यांचा भरा. एकोणिसशे सत्याऐंशीपासून.”

दादा पेपर वाचत होता. त्याने पेपर आणखी वर धरला. मी रकाना खोडला आणि नफा पुन्हा पहिल्यासारखा झाला.

खरे पैसे मिळाले ते संक्रांतीला. हळदीकुंकवाच्या वाणासाठी तीस रुपयांच्या छोट्या मेणबत्त्या शंभरांनी गेल्या. घासाघीस नाही, हुंगणं नाही. वाण बदलत राहायचं असल्याने शोकेसची भीतीही पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणाला. त्या यशाने वहिनींची नजर आता वांद्र्याच्या माउंट मेरीच्या जत्रेवर गेली आहे. तिथे नवसासाठी मेणाचे हात-पाय, बाळं आणि घरंही मिळतात. घराचा नवस तर आमच्याकडे प्रत्येक भाडेकरूचा! वहिनींनी मेणाच्या फ्लॅटचा साचाही करायला टाकलाय. दर कार्पेट एरियाप्रमाणे लावायचा की बिल्ट-अपप्रमाणे, हे विचारायला काल त्यांचा फोन होता. मी बाल्कनीचे वेगळे घ्यायला सांगितलं.