रकान्यांचे अलंकारशास्त्र

संकेतस्थळावरील अर्जाच्या रकान्याला एचटीएमएल अ‍ॅट्रिब्यूट, म्हणजे त्या रकान्याने कसे दिसावे व कसे वागावे याविषयी ब्राउझरला दिलेल्या सूचना, जोडण्याचे काम जँगो या पायथन भाषेतील फ्रेमवर्कमध्ये एका ओळीत उरकते. तरीही ती ओळ लिहिणाऱ्याच्या चेहऱ्यावर देवळाचा कळस चढवल्याचे तेज दिसते. अमेरिकेतील कॅन्सस राज्यातल्या एका वृत्तपत्राच्या कचेरीत जन्मलेले, २००५ मध्ये सर्वांसाठी खुले झालेले आणि जँगो राइनहार्ट या गिटारवादकाचे नाव मिरवणारे हे फ्रेमवर्क रकाना मात्र अगदी निरलंकार काढते. म्हणून विजेटला, म्हणजे रकान्याचे एचटीएमएल तयार करणाऱ्या घटकाला, ‘अ‍ॅट्र्स’ नावाची डिक्शनरी, म्हणजे नावे आणि त्यांच्या किमती यांच्या जोड्यांची यादी, द्यावी लागते. तीत ‘क्लास’ लिहिला की सीएसएसचे, म्हणजे पानाची सजावट ठरवणाऱ्या भाषेचे, नियम लागू होऊन कोपरे गोल होतात आणि ‘प्लेसहोल्डर’ लिहिला की पहिले अक्षर टंकताच नाहीसा होणारा फिकट मजकूर उमटतो. प्रस्तुत लेखक याच पंथातील असून, रकान्याच्या कडेचा रंग अर्जदारांनी क्षणभर थांबून न्याहाळावा अशी त्याची रास्त अपेक्षा असते. अर्जदार मात्र पिन कोड लिहून पुढे जातात.

अलंकारांनंतर अधिकाराचा मोह होतो. अक्षरमर्यादा ठरवणारा ‘मॅक्सलेन्थ’ केवळ अ‍ॅट्र्समध्ये लिहिला तर तो ब्राउझरपुरताच उरतो, डेव्हलपर टूल्स उघडून कोणीही तो पुसू शकतो आणि सर्व्हर त्याची दखल घेत नाही. उलट हीच मर्यादा जँगोच्या कॅरफील्डला, म्हणजे मजकूर घेणाऱ्या रकान्याच्या व्याख्येला, दिली, तर ती एचटीएमएलमध्ये उतरते आणि सर्व्हरवरही तपासली जाते. लिहिणारा मात्र ब्राउझरला केलेली विनंतीदेखील फर्मानाच्या थाटातच लिहितो.

या मर्यादेच्या मोजमापाविषयी थोडे विषयांतर क्षम्य ठरावे. ‘मीना’ आणि ‘ज्योत्स्ना’ ही दोन्ही नावे उच्चारात दोन अक्षरांची, आणि वृत्तशास्त्राच्या हिशेबाने दोन गुरूंची, म्हणजे चार-चार मात्रांची; शतकानुशतके लघुगुरू मोजणाऱ्यांना त्यांत भेद दिसला नसता. युनिकोडमध्ये मात्र प्रत्येक व्यंजन, प्रत्येक हलन्तचिन्ह व प्रत्येक स्वरचिन्ह स्वतंत्रपणे मोजले जात असल्याने मीनाचे ४ आणि ज्योत्स्नाचे १० घटक होतात. मर्यादा ८ ठेवल्यास मीना सुखरूप पार पडते, तर ज्योत्स्ना ‘ज्योत्स्’पाशी येऊन अडकते.

येथवर हसता येते. परंतु मजकुराचा साचा ठरवणाऱ्या ‘पॅटर्न’ या अ‍ॅट्रिब्यूटमध्ये केवळ रोमन अक्षरे मान्य केली जातात, तेव्हा मराठी शाळेत नाव लिहायला शिकलेल्या एखाद्या आजींना ब्राउझर अपेक्षित नमुन्याशी जुळवून घेण्यास सुचवतो. आयुष्यभर ज्या नावाने त्यांना हाक मारली गेली, ते नाव जणू सदोष ठरते. अशा रकान्याचे कोपरे कितीही गोल केले तरी ते टोचतातच. साचा सैल करणे आणि मर्यादा वाढवणे हे रंग निवडण्याहून कितीतरी कमी वेळाचे काम आहे. पण ते केल्याचे कोणाच्या नजरेस येत नाही, आणि नजरेस न येणारे काम करण्याची प्रस्तुत लेखकाच्या पंथात प्रथा नाही.