साठीनंतरची लॉ सीईटी

तीन वर्षांच्या एलएलबीच्या सीईटीला बसायला पदवी लागते. वयाची अट नाही आणि घरच्यांची परवानगीही लागत नाही. त्यामुळे बँकेतून निवृत्त झालेले काका आणि नुकतीच बीकॉम झालेली पुतणी एकाच केंद्रावर शेजारी बसू शकतात. पुतणीला क्लास आहे. हे मार्गदर्शन काकांसाठी.

पुस्तक अप्पा बळवंत चौकातून आणावे आणि नवेच आणावे. भाच्याचे जुने गाईड घरात पडून आहे म्हणून काटकसर करू नये. १ जुलै २०२४ पासून १८६० ची भारतीय दंड संहिता गेली आणि भारतीय न्याय संहिता आली. ५११ कलमांची ३५८ झाली, खून ३०२ वरून १०३ वर गेला आणि फसवणूक ४२० वरून ३१८ वर. ज्यांनी जन्मभर साडूला चारसोबीस म्हटले, त्यांनी रोज पहाटे 'तीनशे अठरा' घोकावे. मात्र साडूसमोर घोकू नये. अब्रुनुकसानीचे कलमही बदलले आहे, रद्द झालेले नाही.

खरी कसोटी लीगल रिझनिंगची. प्रश्नात एक तत्त्व असते, खाली एक घटना असते, आणि ते तत्त्व त्या घटनेला लावायचे असते. तत्त्व योग्य आहे का, हे कोणी विचारलेले नसते, आणि अनुभवी माणूस नेमका इथेच मार खातो. शामची म्हैस रामच्या शेतात शिरली, एवढेच दिलेले असते. बांध कोणी कोरला, मोजणी झाली का, सातबाऱ्यावर कोणाचे नाव आहे, हे प्रश्न मनात येतील. ते येऊ देऊ नयेत. चुलत्याशी चाललेल्या आपल्या दाव्याची परीक्षेच्या संगणकाला कल्पना नसते.

सरावासाठी १९३२ चा डोनोह्यू विरुद्ध स्टीव्हन्सन हा खटला वाचावा. डोनोह्यू बाईंच्या जिंजर बिअरच्या बाटलीत गोगलगाय निघाल्याची तक्रार होती. ती गोगलगाय खरोखर होती का, हे कधीच सिद्ध झाले नाही, प्रकरण आपसात मिटले. तरी निष्काळजीपणाचा कायदा सगळे आजही त्याच गोगलगायीवरून शिकतात. नसलेल्या गोष्टीवर तासन्‌तास वाद घालण्याचा सोसायटीच्या सभेतला आपला सराव इथे कामी येईल.

पेपर मराठीतूनही देता येतो, फक्त इंग्रजीचा विभाग इंग्रजीतच असतो. यावर पर्यवेक्षकाशी हुज्जत घालू नये, वेळ दोनच तास आहे.

कायद्याच्याच क्लॅट या प्रवेश परीक्षेत चुकीच्या उत्तराला पाव गुण कापतात, या सीईटीत कापत नाहीत. म्हणून एकही प्रश्न सोडू नये. ठाऊक नसताना ठामपणे उत्तर देण्याचे प्रशिक्षण काकांना द्यावे लागत नाही.

सनद मिळाली तरी वकिली चालू ठेवायला पुढे ऑल इंडिया बार एक्झामिनेशन द्यावी लागते. तिथे मूळ कायद्याचे पुस्तक सोबत नेता येते, पण त्यावर टिपणे लिहिलेली चालत नाहीत. समासात 'चूक!', 'साफ चूक!!' असे लिहिण्याची सवय आजपासून सोडा.