अनुदान मंजूर झाल्यास घ्यावयाची काळजी

सर्वप्रथम घाबरून जाऊ नये. मंजुरीचे पत्र आले म्हणजे पैसे आले असे नाही आणि पैसे आले म्हणजे ते खर्च करता येतील असेही नाही. पत्राच्या पाच झेरॉक्स काढाव्यात, मूळ प्रत घरी ठेवावी आणि विभागात पेढे वाटण्याचा कार्यक्रम पुढे ढकलावा. पेढे कोणत्याही हेडमध्ये बसत नाहीत.

हे मार्गदर्शन फक्त शिक्षणशास्त्रवाल्यांसाठी आहे. पदार्थविज्ञानाच्या लोकांचे बरे असते. त्यांचा पैसा यंत्रात जातो, यंत्र टेबलावर बसते आणि लेखापरीक्षकाला ते हाताने चाचपता येते. आपला पैसा एखाद्या जिल्हा परिषद शाळेत जाऊन तिसरीतल्या पोराशेजारी सतरंजीवर बसण्यात जातो. बसण्याचे बिल कोणी देत नाही. पुढचे सारे मार्गदर्शन या एका अडचणीतून निघाले आहे.

समजा, तुम्हाला खरोखरच एक प्रश्न पडला आहे. (असे होते. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत तर हमखास होते.) बावन्नातून सत्तावीस वजा करायला सांगितले की बरीच मुले पस्तीस असे उत्तर लिहितात. हातचा घेण्याची भानगड नको म्हणून ती प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक काढून मोकळी होतात. ती असे का करतात आणि बाईंनी नेमके काय केले की करणार नाहीत, एवढेच तुम्हाला शोधायचे आहे. ठीक आहे, पण हे असे कोणापुढे बोलू नये. ‘मुलांना हातच्याची वजाबाकी का येत नाही’ या शीर्षकाला भारतात अनुदान नाही. शीर्षक दुमजली हवे, मध्ये विसर्गासारखी दोन टिंबे हवीत आणि वरच्या मजल्यावर एखादे चालू धोरण राहायला आलेले हवे. केंद्राचे निपुण भारत अभियान 5 जुलै 2021 रोजी सुरू झाले. 2026-27 पर्यंत तिसरीअखेर प्रत्येक मुलाला पायाभूत साक्षरता आणि संख्याज्ञान यावे, असे त्याचे उद्दिष्ट. तेव्हा शीर्षक झाले: ‘निपुण भारत अभियानाच्या परिप्रेक्ष्यात पायाभूत संख्याज्ञान संपादणुकीतील अध्ययनत्रुटींचा विश्लेषणात्मक अभ्यास : निवडक तालुक्यांच्या विशेष संदर्भात’. मूल तेच, वजाबाकी तीच, पण आता छाननी समिती निदान पान उलटते. खाली पाच उद्दिष्टे आणि तितक्याच शून्य परिकल्पना द्याव्यात. ‘अपेक्षित निष्पत्ती’ या रकान्यात तुम्हाला पुढे काय सापडणार आहे ते आजच लिहावे. ते आधीच ठाऊक असेल तर संशोधन कशाला, असा प्रश्न ज्यांना पडतो त्यांनी इथेच थांबावे, पुढचे मार्गदर्शन त्यांच्या उपयोगाचे नाही.

प्रस्ताव कुठे पाठवायचा? आपल्या विषयाला मुख्य दार भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेचे, म्हणजे आयसीएसएसआरचे. शिवाय एनसीईआरटीची ‘एरिक’ समिती आहे, आणि स्वतःचे विद्यापीठही किरकोळ रक्कम देते. आयसीएसएसआर 1969 साली स्थापन झाली तेव्हा धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले अध्यक्ष होते आणि जे. पी. नाईक सदस्य-सचिव. नाईक कोल्हापूर जिल्ह्यातल्या बहिरेवाडीचे, कोठारी आयोगाचेही सदस्य-सचिव. मुंबईत कलिनाच्या विद्यापीठ आवारात परिषदेच्या पश्चिम विभागीय केंद्राची वास्तू त्यांच्याच नावाची आहे. प्रस्तावाच्या प्रास्ताविकात त्यांचे नाव आदराने घ्यावे. त्यांची पुस्तके वाचलेली असण्याची अट नाही.

आता पैशाचे. पैसा तुमच्या नावावर येत नाही, तो कुलसचिवांच्या किंवा प्राचार्यांच्या नावावर येतो. तुम्ही त्याचे फक्त प्रमुख अन्वेषक, बोलीभाषेत पीआय. रक्कम टप्प्याटप्प्याने मिळते: पहिल्या दोन हप्त्यांत चाळीस-चाळीस टक्के आणि उरलेले वीस अंतिम अहवाल स्वीकारला गेल्यावर. याचा अर्थ असा, की प्रकल्पाचा शेवटचा पाचवा हिस्सा कोणाच्या तरी खिशातून व्हायचा असतो. तो खिसा कोणाचा हे मार्गदर्शक सूचनांत लिहिलेले नाही, पण घरी विचारल्यास कळते.

मंजुरी बहुधा माघ-फाल्गुनात उगवते आणि इथे पंचांग बघावे लागते. मार्चमध्ये शाळांचे लक्ष परीक्षांकडे, एप्रिलमध्ये निकालांकडे, मे महिन्यात शाळेला कुलूप, जूनच्या मध्यावर शाळा उघडल्या की प्रवेशोत्सव आणि पाठ्यपुस्तक वाटप, त्यात निवडणूक लागली तर शिक्षक मतदारयाद्यांवर. म्हणजे मूल सापडणार ते थेट श्रावणात. पण आर्थिक वर्ष 31 मार्चलाच संपते! लेखा विभागातून फोन येतो, ‘सर, खर्च दाखवा, नाहीतर पुढचा हप्ता अडकेल.’ आणि ज्या केंद्रीय वित्तीय नियमावलीने आपण सगळे बांधलेले आहोत त्या जीएफआर 2017 मधला नियम 62 सांगतो, की वर्षाच्या अखेरच्या महिन्यांत खर्चाची घाई करणे हा वित्तीय शिस्तीचा भंग आहे. दोन्ही आज्ञा शिरसावंद्य मानाव्यात. त्यासाठी मार्चमध्ये लॅपटॉप घ्यावा, पण सावकाश घ्यावा.

खरेदीविषयी थोडक्यात. वस्तू आधी सरकारी ‘जेम’ पोर्टलवर शोधावी. जीएफआरच्या मूळ नियम 154 प्रमाणे 25,000 रुपयांपर्यंतची खरेदी कोटेशनशिवाय करता येते (ही मर्यादा पुढे वाढवली गेली), फक्त ‘दर्जा, दुकानदार आणि दर यांबद्दल माझे समाधान झाले आहे’ अशा अर्थाचे प्रमाणपत्र सहीनिशी द्यावे लागते. हा नियम लेखा विभागाला दाखवू नये. त्यांची स्वतःची लेखासंहिता असते, आणि दोन नियमांपैकी जो अधिक जाचक तो लागू, असा अलिखित तिसरा नियम असतो. पेनड्राइव्हलाही तीन कोटेशने आणि तुलनात्मक तक्ता लागेल. ज्याच्याकडून घ्यायचे त्यालाच सांगितले तर उरलेली दोन, जास्त दराची, लेटरहेडसकट तो स्वतः आणून देतो. वस्तू आल्यावर तिची डेडस्टॉक रजिस्टरला नोंद करून बिलावर नोंदीचा क्रमांक घालावा. या रजिस्टरात जे गेले ते अमर झाले. प्रकल्प संपेल, तुम्ही निवृत्त व्हाल, प्रिंटर राहील.

खरी साधना मात्र फील्डवरच्या व्हाउचरांची. शाळेत पाऊल टाकण्यासाठी शिक्षणाधिकारी (प्राथमिक), गटशिक्षणाधिकारी, केंद्रप्रमुख, मुख्याध्यापक अशी परवानग्यांची उतरंड उतरावी लागते आणि प्रत्येक पायरीवर चहा होतो. फाट्यावरच्या टपरीवाल्याकडे जीएसटी क्रमांक नसतो, बिलबुक नसते, आणि ‘तीस रुपयांची पावती द्या’ म्हटल्यावर तो तुमच्याकडे ज्या नजरेने बघतो तिचा अभ्यास करायला वेगळे अनुदान मागता येईल. कोरे व्हाउचर जवळ बाळगावे. रक्कम अंकी आणि अक्षरी लिहावी. पाच हजारांवरच्या पावतीला एक रुपयाचे रेव्हेन्यू तिकीट लावून त्यावर आडवी सही घ्यावी. एसटीच्या तिकिटाबद्दल विशेष दक्षता घ्यावी. वाहकाच्या यंत्रातून निघणाऱ्या कागदावरची अक्षरे काही महिन्यांत उडून जातात, आणि लेखापरीक्षक येतो तोवर तुमच्या फाइलीत नीट चिकटवलेले, क्रमांक घातलेले, साक्षांकित कोरे कागद उरतात. म्हणून तिकीट मिळाल्या दिवशीच त्याची झेरॉक्स काढावी. झेरॉक्सची पावती घ्यावी. त्या पावतीचीही झेरॉक्स काढावी की नाही याबद्दल तज्ज्ञांत मतभेद आहेत.

संशोधन सहायक नेमताना जाहिरात, निवड समिती, इतिवृत्त, रुजू अहवाल हे सगळे करावे. मुलगा किंवा मुलगी हुशार असेल तर त्याच वर्षी शिक्षक भरतीत लागते. लागली नाही तर पगार चार महिने थकल्यावर आपणहून जाते. पर्यवेक्षणाची सवय आधीपासून लावून घेऊ नये.

आता उपयोगिता प्रमाणपत्र. यालाच यूसी म्हणतात आणि संपूर्ण प्रकल्प हे या एका कागदाचे परिशिष्ट होय. पूर्वी हा नमुना 19-अ होता, 2017 च्या नियमांत तो 12-अ झाला. जुन्या नमुन्यावर भरलेला कागद परत येतो, त्यातल्या रकमा कितीही बरोबर असोत. अनुदानावर बँकेने दिलेले व्याज तुमचे नाही, ते भारताच्या संचित निधीत भरायचे असते. समजा, बचत खात्यावर तीनशे बारा रुपये व्याज पडले. ते भारतकोश पोर्टलवर भरण्यासाठी टिपणी, तिच्यावर विभागप्रमुखांचा शेरा, वित्त व लेखा अधिकाऱ्यांची मंजुरी, चलन आणि चलनाच्या प्रती, इतके झाले की देशाला तीनशे बारा रुपये पोचतात. यात चेष्टा करण्यासारखे काही नाही. सार्वजनिक पैसा आहे, त्याचा हिशेब लागलाच पाहिजे, हे मला मनापासून पटते. फक्त एवढेच जाणवते, की या साखळीतल्या प्रत्येकाने रुपया कुठे गेला हे विचारले आणि पस्तीस हे उत्तर कुठून आले हे मात्र एकानेही विचारले नाही. तसा रकाना 12-अ मध्ये नाही.

अहवाल जाड असावा. साहित्यचोरीविषयक 2018 च्या यूजीसी विनियमांनुसार दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही. शेवटच्या प्रकरणात ‘शिक्षकांना प्रशिक्षण द्यावे’, ‘शैक्षणिक साधनांचा वापर वाढवावा’ आणि ‘या विषयावर अधिक संशोधनास वाव आहे’ या शिफारशी कराव्यात. पहिल्या दोन शिफारशी ज्या बाईंच्या वर्गात तुम्ही बसलात त्यांच्यापर्यंत पोचणार नाहीत. तिसरी तुमच्या पुढच्या प्रस्तावाला उपयोगी पडेल. पदोन्नतीच्या तक्त्यात दहा लाखांवरच्या पूर्ण प्रकल्पाला दहा गुण आणि त्याखालच्याला पाच. गुण रकमेवर आहेत, निष्कर्षावर नाहीत. म्हणून नऊ लाख नव्वद हजारांचे अंदाजपत्रक कधीही करू नये.

लेखा आक्षेप काही वर्षांनी येईल. ‘दि. अमुक रोजी मुख्याध्यापक बैठकीत चौदा उपस्थितांकरिता सोळा चहा खर्ची टाकल्याचे दिसते, खुलासा व्हावा.’ खरे कारण लिहू नये. दोन पालक आपणहून आले होते, पोराला गणित का येत नाही ते विचारायला, हे खरे असले तरी ते उपस्थितीपत्रकात नाहीत. दोन चहांची रक्कम स्वतः भरावी, पावती जोडावी आणि ‘आक्षेपाची पूर्तता करण्यात आली आहे, सबब आक्षेप वगळण्यात यावा’ असे लिहून जावक क्रमांक घालून पाठवावे.