मा. मानधन साहेब यांस

प्रति,
मा. श्री. मानधन साहेब,
मु. शासन निर्णय, पो. परिपत्रक
(सध्या नेमके कुठे आहेत, ते माहीत नाही.)

विषय : आपण आमच्या घरी कोणत्या नात्याने येता, याचा खुलासा मिळणेबाबत.

महोदय,

वरील विषयास अनुसरून आपणांस विनंतीपूर्वक कळविण्यात येते की... असो. इतकं लिहायला डोकं लागत नाही. 23 वर्षं रजिस्टरं भरून हात आपोआप तसा चालतो. पुढचं साध्या भाषेत लिहिते.

मी बीड जिल्ह्यातल्या एका गावची अंगणवाडी सेविका. तुमची-माझी ओळख जुनी, भेट मात्र तुमच्या सवडीने. कधी महिन्याच्या पहिल्या आठवड्यात येता, कधी दोन-दोन महिने तोंड दाखवत नाही. आलात तरी मोबाईल एकदा टुंग वाजतो तेवढाच तुमचा मुक्काम, कारण किराणावाला दारात उभाच असतो. आमच्याकडे असं वागायची मुभा फक्त जावयाला असते. कधी येणार हे त्याला विचारायचं नाही, आल्यावर किती दिवस राहणार हेही विचारायचं नाही, आणि रिकाम्या हाताने आला तरी पाट-रांगोळी चुकवायची नाही. तुमच्याही नावात मान पुढे बसलाय आणि धन मागून येतंय. तेही कधी वाटेतच अडकतं.

तुमचं कूळ काय, ते बघावं म्हणून गावातल्या संस्कृतच्या निवृत्त सरांना विचारलं. ते म्हणाले, अहो, फार खानदानी शब्द. मानधन म्हणजे मान हेच ज्याचं धन, असा माणूस. भारवीच्या ‘किरातार्जुनीया’त दुर्योधनाच्या पदरच्या धनुर्धरांना हे विशेषण लावलंय. मी खूश झाले. एवढी शूर माणसं, आणि त्यांचा शब्द आमच्या वाट्याला! मी निघाले तसं सर मागून म्हणाले, पण त्याच ओळीत असंही आहे की त्या धनुर्धरांचा धन देऊन सत्कार झाला होता. साहेब, दुर्योधनाने केला हो हा सत्कार! त्यालासुद्धा कळत होतं की नुसत्या मानावर कुणी धनुष्य उचलत नाही.

तुमचे दुसरे नातेवाईक मुंबईला असतात. पेपरात येतं, अमुक नटाने नव्या सिनेमासाठी इतके कोटी मानधन घेतलं. शब्द तोच, काना-मात्रेचा फरक नाही. माझी मुलगी लहान असताना शाळेत सांगून आली होती, माझ्या आईला हिरोइनसारखं मानधन मिळतं. बाईंनी तिला पुढच्या बाकावर बसवलं. आमदारांना मात्र, तेही लोकांचे सेवकच असले तरी, वेतन मिळतं, आणि माजी झाले की निवृत्तिवेतन. तिकडे जायची तुमची हिंमत झालेली दिसत नाही.

आमच्या घरात तुम्ही शिरलात 2 ऑक्टोबर 1975 ला, गांधीजयंतीच्या मुहूर्तावर. एकात्मिक बालविकास सेवा योजना देशात 33 ठिकाणी सुरू झाली. आपल्याकडे धारावीत आणि मेळघाटातल्या धारणीत. मॅट्रिक झालेल्या सेविकेला महिन्याला 150, न झालेलीला 100 रुपये. आखणाऱ्यांच्या डोळ्यासमोर चित्र असं असणार, की गावातली एखादी बाई घरचं आवरून चार तास येईल, पोरांना खाऊ देईल, दोन बडबडगीतं म्हणेल. हौसेने. आणि हौसेला पगार कसा द्यायचा? म्हणून तुम्हाला बोलावलं. आज त्या हौसेत काय काय आहे ते तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. सहा वर्षांखालची पोरं, गरोदर बाया, बाळंतिणी, लसीकरणाचा दिवस, वजन, उंची, दंडघेर, कुपोषित पोराच्या घरी गृहभेट, आणि वरून येईल तो सर्व्हे. 2024 मध्ये ‘लाडकी बहीण’चे अर्जही आम्हीच भरून घेतले. एका अर्जामागे 50 रुपये प्रोत्साहन भत्ता ठरला होता. बहिणीला महिन्याला 1500, आणि तिचा अर्ज भरणारी बहीण अर्जामागे पन्नासची धनी.

परवाची सकाळ सांगते. घरी न्यायच्या आहाराची पाकिटं आली होती. आम्ही त्याला टीएचआर म्हणतो. पाकीट द्यायचं तर आधी घेणारीचा चेहरा मोबाईलला दाखवून जुळवायचा, असा नियम आहे. वस्तीवरची एक पोर, सातवा महिना, दोन किलोमीटर चालत आली. अंगणवाडीच्या खोलीत रेंज नाही, म्हणून आमची वरात मारुतीच्या पारावर. मोबाईल म्हणतो, डोळे मिचकावा. पारावर चार म्हातारे बसलेले, त्यांच्यासमोर ती डोळे कसे मिचकावणार? पदर तोंडाशी. पदर काढ गं. बघ इकडे. मिचकाव. गोल फिरतंय, फिरतंय, आणि चेहरा जुळत नाही. आधारवरचा फोटो ती शाळेत असतानाचा, दोन वेण्यांचा. समोर उभी ती डोळ्यांखाली काळवंडलेली, पायांवर सूज आलेली. मोबाईलला ओळखू आली नाही, यात मोबाईलचा तरी काय दोष.

मग ओटीपी मागवला. तो गेला नवऱ्याच्या फोनवर, आणि नवरा कोल्हापूरकडे उसाच्या फडात. चौथ्यांदा लावला तेव्हा धापा टाकत उचलला, डोक्यावरची मोळी टाकून आला असावा. म्हणाला, बाई, ओटीपी कुणाला देऊ नका म्हणतात, बँकेचा तर नाही ना? त्याला पटवेपर्यंत ओटीपीची मुदत संपली. दरम्यान आमच्या मदतनीस मावशींनी पोरीला सावलीत बसवलं, पाणी दिलं, पायाखाली पोतं घातलं आणि पोरांसाठी शिजवलेल्या खिचडीतली एक वाटी तिच्या हातात ठेवली. ही वाटी मोबाईलमध्ये कुठेच नोंदली गेली नाही. तसा रकानाच नाही.

विषय निघालाच आहे तर तिच्या नवऱ्याचंही सांगते. दर वर्षी दोघं जातात. मुकादमाच्या वहीत नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’. उचल नवऱ्याच्या हातात पडते, अंगठाही त्याचाच. ऊस तोडायला दोघं असतात. मोळ्या बांधून ट्रकवर चढवणं आणि पहाटे उठून भाकरी थापणं तिच्याकडे. यंदा ती पोटुशी म्हणून घरी राहिली, तर वहीत तो लगेच ‘अर्धा कोयता’ झाला. म्हणजे बघा, ती असताना तिची मजुरी वेगळी कुठे दिसत नाही, पण ती नसली की बरोबर निम्मी कमी होते. साहेब, तिच्यापुढे मी भाग्यवान. माझ्या कष्टाला निदान तुमचं नाव तरी आहे.

आता मावशींचा हिशेब. केंद्र सरकारने 1 ऑक्टोबर 2018 पासून आपला वाटा वाढवला, सेविकेला 3000 चे 4500 आणि मदतनिसाला 1500 चे 2250. दिवसाला 75 रुपये. राज्य आपली भर घालतं, नाही असं नाही. पण ती बहुतेकदा रस्त्यावर बसल्यावर. 4 डिसेंबर 2023 ला आम्ही संपावर बसलो, तर जानेवारी उजाडला तरी आझाद मैदान सुटलं नव्हतं. तिथे डब्यातल्या भाकरी खाताना एका बाईने विचारलं होतं, आपण जर मानसेवी, तर संप कशाचा? आणि संप मोडायला नोटीस कशाची? बरोबर बोलली. 2017 च्या संपानंतर, मार्च 2018 मध्ये आम्हाला मेस्मा, म्हणजे संपबंदीचा कायदा, लावला होता. अत्यावश्यक सेवा! विधिमंडळात गदारोळ झाला आणि निर्णय स्थगित झाला, ते सोडा. पण एरवी हौशी असलेली बाई काम थांबवते म्हटल्यावर एका रात्रीत अत्यावश्यक होते, ही बढती तुम्हाला कधी मिळाली का? आम्ही अत्यावश्यक झालो त्या दिवशीही तुम्ही होता तेवढेच होता.

कोर्टाचंही ऐका. 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं होतं, सेविकेचं पद हे सरकारी नोकरीतलं पद नव्हे. मग 25 एप्रिल 2022 ला गुजरातमधल्या सेविका-मदतनिसांच्या प्रकरणात त्याच न्यायालयाच्या न्या. अजय रस्तोगी आणि न्या. अभय ओक यांनी सांगितलं की 1972 चा ग्रॅच्युइटीचा कायदा आम्हाला लागू आहे, आणि त्या कायद्यापुरतं मानधन हे वेतनच. ऐकलंत? संघटनेच्या बैठकीत हे वाचून दाखवलं तेव्हा मला तुमची जरा कीवच आली. सत्तेचाळीस वर्षं वेशांतर करून वावरायचं आणि एका दिवशी दोन न्यायमूर्तींनी फेटा काढून आतला माणूस दाखवायचा. त्याच्या आधी, मे 2013 मध्ये, 45 व्या भारतीय श्रम परिषदेनेही शिफारस केली होती की योजनांवर राबणाऱ्या बायांना कामगार म्हणा, किमान वेतन द्या, पेन्शन द्या. त्या परिषदेत सरकार, मालक आणि कामगार तिघंही बसतात. शिफारस फाइलीत गेली. फाइलींना वजन-उंची घ्यायची सोय नाही, नाहीतर तिचं कुपोषण आम्ही कधीच कळवलं असतं.

दिल्लीत 2005-06 पासून जेंडर बजेट नावाचं पत्रक निघतं. बायांवर किती खर्च होतो ते त्यात दाखवतात, आणि अंगणवाडीचा खर्चही त्यात येतो. म्हणजे मावशी जी खिचडी शिजवतात ती महिला-बालकल्याण, आणि मावशींना ती शिजवायचे जे मिळतात ते... तुम्हीच सांगा कोणत्या रकान्यात बसवायचं.

तुम्हाला वाटेल ही बाई चिडलीय. नाही हो. मी तुमच्या जन्माची गोष्ट समजून घेतेय. 2024 च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत निघालं की घरकाम करणाऱ्या बाया त्यात दिवसाला 289 मिनिटं घालवतात आणि घरकाम करणारे पुरुष 88. लेकरं, म्हातारे यांचं करणाऱ्या 15 ते 59 वयाच्या बायांची त्यात 137 मिनिटं जातात, ते करणाऱ्या पुरुषांची 75. (88 मिनिटांवाला पुरुष आमच्या गावात कुठे राहतो, त्याचा पत्ता कुणाकडे असेल तर कळवावा, सत्कार करायचा आहे.) ही मिनिटं घरात फुकट असतात. तीच कामं, म्हणजे भरवणं, धुणं, निजवणं, नाक पुसणं, बाई उंबरा ओलांडून दुसऱ्याच्या लेकरासाठी करायला लागली, की बघणाऱ्याला वाटतं, हे तर ती घरी करतेच की! एका मोठ्या साहेबांनी मला एकदा हेच म्हटलं होतं, अगदी कौतुकाने. ते स्वतः इंजिनिअर. त्यांच्या घरीही ते नळ गळायला लागला की दुरुस्त करत असतील, पण म्हणून कुणी त्यांना मानधनावर धरणाचं काम दिलं नव्हतं. तुमचा जन्म तिथे झाला, साहेब, त्या ‘करतेच की’मध्ये.

आणि दिवाळी! बोनस मागितला तर सांगतात, बोनस कामगाराला असतो. मग आम्हाला मिळते ‘भाऊबीज भेट’, 2000 रुपये. शासन निर्णयात चक्क हाच शब्द असतो. सेविका, मदतनीस, आशा, ताई, लाडकी बहीण... सरकारच्या तोंडात नावांना आणि नात्यांना तोटा नाही. कामगार एवढा एकच शब्द जिभेवर येत नाही. मी काही अडाणी नाही. भावाकडे ओवाळणी मागता येते, हजेरीपट काढून हिशेब मागता येत नाही, हे त्यांनाही ठाऊक आहे आणि मलाही. बहीण म्हणायची हौसच असेल तर ओवाळायला या की अंगणवाडीत. पाट मारुतीच्या पारावर मांडते. आधी चेहरा जुळवून घेऊ.

तर खुलासा एवढाच हवा, की तुम्ही पगार आहात का? असाल तर किमान वेतनाच्या तक्त्यात तुमचा आकडा दाखवा, प्रॉव्हिडंट फंडाचा नंबर द्या, आजारपणाची रजा द्या आणि महिन्याच्या ठरल्या तारखेला या. नसाल, तर तेही लेखी कळवा. मग मी वजनकाटा, 2 जीबीवर धापा टाकणारा मोबाईल आणि रजिस्टरांचा गठ्ठा एकदा खरोखरच चार तासांच्या हौसेपुरता उघडीन. बाराच्या ठोक्याला कुलूप. पोर जन्मली, मेली, उलट्या करू लागली, तर दुसऱ्या दिवशी.

हे सगळं आत्ताच का लिहितेय, तर मुलीच्या नर्सिंगच्या फीसाठी गेल्या आठवड्यात एका बँकेत गेले होते. काउंटरवर एक तरुण मुलगी होती, वागायला फार गोड. म्हणाली, मॅडम, पगाराची स्लिप? म्हटलं, पगार नाही, मानधन असतं. फॉर्म सोळा? नाही. मग तिने फॉर्म माझ्याकडे फिरवला. चौकटी होत्या : नोकरदार, स्वयंरोजगार, निवृत्त, गृहिणी. मी बराच वेळ पेन धरून बसले. ती हळूच म्हणाली, गृहिणीवर टिक करा ना, आणि उत्पन्नाच्या रकान्यात मिस्टरांचं लिहा. मिस्टरांची तीन एकर कोरडवाहू, यंदाचं सोयाबीन पावसात गेलेलं. घरात येणारी ठरलेली कमाई म्हणजे तुम्ही, मग कधीही या. मी एकाही चौकटीवर टिक केली नाही. वर नावाशेजारी मोकळी जागा होती, तिथे ठळक अक्षरात ‘मानधन’ लिहिलं.

काउंटरवरच्या मुलीने ते वाचलं, मान वर केली आणि एकदम चेहरा उजळून म्हणाली, “अय्या, मानधना? त्या सांगलीच्या क्रिकेटवाल्या स्मृतीच्या नात्यातल्या का तुम्ही?”

त्या क्रिकेटवाल्या पोरींना 2022 पासून पुरुषांइतकी मॅच फी जाहीर झालीय, हे मी पेपरात वाचलं होतं. मी हो म्हणून टाकलं.

कर्ज अजून मंजूर झालेलं नाही.

कळावे,
आपली मानसेवी,
एक अंगणवाडी सेविका