अल्लीपूरचे अर्थमंत्री

आमच्या अल्लीपूरच्या गुरुजींना सरळ वाक्य सोसत नाही. एस.टी.वर 'हिंगणघाट' अशी पाटी दिसली तरी ते दोन मिनिटं तिच्याकडे बघत राहतात आणि म्हणतात, "बाबू, वरवर वाचू नये." तोवर गाडी निघून जाते. गावानं त्यांचं नाव 'अर्थमंत्री' पाडलं, तेव्हा त्यातूनही त्यांनी दोन अर्थ काढले. एक गौरवाचा होता. दुसरा कुणी पाडला असेल, त्याचा शोध अजून चालू आहे.

पोरगा पुण्याला नोकरीला आहे. त्यानं एकदा मोबाइलवर 'बरं' एवढंच लिहून पाठवलं. 'बरं' वरचा अनुस्वार, पुढे पूर्णविराम नाही, वेळ रात्री साडेनऊची; या सगळ्याचं गुरुजींनी रात्रभर रसग्रहण केलं आणि सकाळी काकूंना निष्कर्ष सांगितला, "सूनबाई नाराज आहे." पोरगा मीटिंगमध्ये होता.

पण हे सगळं किरकोळ. गुरुजींचं खरं राज्य आठ ओळींचं. बालकवींची 'औदुंबर'.

या कवितेत न कळण्यासारखं काही नाही. एक झरा वाहत येतो, लहानसं गाव लागतं, मग मळे, मग एक वाट डोहापर्यंत जाते आणि तिथं पाण्यात एक झाड आहे. संपली कविता. सहावीतल्या पोराला एक शब्द अडत नाही. अडतात ते मोठे. बालकवी म्हणजे त्र्यंबक बापूजी ठोमरे, धरणगावचे, जन्म १८९०चा. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात त्यांना 'बालकवी' ही पदवी मिळाली आणि १९१८च्या मे महिन्यात भादली स्टेशनजवळ रेल्वेखाली ते गेले. वय अठ्ठावीसही पुरं नव्हतं. कवी असा गेला म्हटल्यावर त्या डोहाचा रंग लोकांना आणखीच काळा दिसू लागला. कुणाला झाडात मृत्यू दिसला, कुणाला विरक्त योगी, कुणाला खुद्द बालकवी. काहींनी सांगितलं की हे नुसतं एक चित्र आहे, डोळे भरून बघा. या पक्षाला मराठीत कधी बहुमत मिळालं नाही, कारण डोळे भरून बघण्यावर दहा गुणांचा प्रश्न निघत नाही.

गुरुजींनी ही कविता शाळेत वर्षानुवर्षं शिकवली. त्यांची जुनी प्रत मी पाहिली आहे. शिवण उसवलेली, वर खाकी कव्हर, त्यावर चहाच्या कपाचा गोल. छापील ओळी आठ आणि समासात गुरुजींच्या ओळी साठ. चार रंगांत. निळी शाई फाउंटन पेनाची, जरा पसरलेली: 'प्रतीक्षा'. तेव्हा नोकरी नवी होती आणि लग्न ठरायचं होतं. खाली लाल बॉलपेन: 'व्यवस्थेने एकाकी पाडलेला प्रामाणिक मनुष्य'. हे बदलीचं वर्ष. मग हिरवा रंग, 'मृत्यू!!', दोन उद्गारचिन्हांसह. त्या साली मूळव्याधीचं ऑपरेशन झालं. शेवटी पेन्सिलीनं 'सेवानिवृत्ती'. आणि चारही नोंदींखाली रेघ मारून लिहिलंय, 'हाच एकमेव अर्थ'.

"गुरुजी, एकमेव चार कसे?"

"बाबू, त्या त्या वेळी एकेकच होता."

अर्थ सांगताना गुरुजी शुद्ध बोलतात. एरवी आमच्यासारखेच.

वर्ध्याला १९६९ साली पु. शि. रेग्यांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन झालं तेव्हा गुरुजी चड्डीत होते. म्हणून २०२३च्या फेब्रुवारीत शहाण्णवावं संमेलन वर्ध्यात आलं तेव्हा तिन्ही दिवस ते सकाळच्या गाडीनं जायचे. अध्यक्ष निवृत्त न्यायमूर्ती, नरेंद्र चपळगावकर. गुरुजींना वाटलं, आता औदुंबराचा निकाल लागणारच. निकाल लागला नाही. मग चौथ्या दिवशी संध्याकाळी गुरुजींनी आमच्या पानठेल्यावरच खंडपीठ बसवलं.

दिवस वाईट होते. भाव वाढेल या आशेनं लोकांनी कापूस घरात भरून ठेवलेला, माणसं अंगणात झोपत होती. अशा सभेपुढे गुरुजींनी कविता म्हटली, चांगली म्हटली, आणि विचारलं, "काय कळलं?"

पहिला आवाज पराटीवाल्या पाटलांचा. "झाड कोन्या वावरात हाये, गुर्जी?"

"कवितेत वावर नाही."

"मळे हायेत म्हनता ना? मंग धुरा असनच. अन् धुऱ्यावरचं झाड म्हंजे झगडा. कवीनं मालकाचं नावच नाई सांगतलं. शायना मानूस."

स्पर्धा परीक्षेवाल्या पोरानं खर्रा घोटता घोटता पर्याय मागितले. गुरुजींनी चार पर्याय दिले, तर तो म्हणाला, "वरीलपैकी सर्व." दत्ताचे भक्त एक म्हातारे उठूनच उभे राहिले: औदुंबर म्हटला की दत्तगुरू, दुसरा अर्थ लावाल तर पाप लागन. तेवढ्यात अलमडोहचा एक पाहुणा हळूच म्हणाला की डोह म्हणजे अलमडोहच, यशोदेच्या काठचा. गुरुजींनी बजावलं, बालकवी खानदेशचे. "मंग खानदेशचा मानूस इकडं येऊ नाई शकत का जी?" यावर अल्लीपूरकरांनी एकमतानं ठराव केला की डोह तिकडं असला तर असो, झाड आपलं आहे.

गुरुजी घामाघूम. हा माणूस वाईट नाही, हे मी मुद्दाम सांगतो. त्यांच्यामुळे अख्ख्या पानठेल्याला एक कविता पाठ आहे, आणि हे दर गावाला जमत नाही. खोट एकच. उंबराला फूल दिसत नाही असं आपण म्हणतो; फुलं असतात, पण फळाच्या पोटात, आणि बारीक केंबरं आत शिरतात तेव्हाच उंबराचं बी धरतं. म्हणजे आत केंबरं असायचीच. म्हणून तर उंबर फोडून केंबरं उडवू नयेत असं जुनी माणसं म्हणायची. गुरुजी फोडतात, केंबरं मोजतात आणि उंबर खायचं विसरतात.

त्या संध्याकाळी पानठेल्याच्या कडेला भाजीवाली आजी टोपलं उतरवून बसली होती. उरलेली वांगी, चार सांबाराच्या जुड्या. तिनं सगळं ऐकलं आणि टोपलं उचलता उचलता म्हणाली, "झाड जलमभर उभंच हाये ना बापा? मंग थकलं, पाय पान्यात सोडले, तं तुमचं काय गेलं?"

कुणी बोललं नाही. गुरुजींनी खिशातलं पेन काढलं, टोपण उघडलं, आणि पुन्हा लावून ठेवलं.

एप्रिलमध्ये मी यशोदेकडून येत होतो. नदी आटून डबक्याडबक्यांत उरलेली. एका डबक्याच्या काठी गुरुजी बसले होते, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, चपला शेजारी, पाय पाण्यात. डोक्यावर औदुंबर नव्हता, बाभूळ होती.

"गुरुजी, याचा अर्थ?"

"कायचा अर्थ बे? गुडघे दुखून रायले."

मी दोन मिनिटं त्यांच्याकडे बघत उभा राहिलो. गुडघे. म्हणजे झुकणं? की आयुष्यभराची चाल? तेवढ्यात मागच्या रस्त्यावरून माझी गाडी गेली.

तर वाचकहो, 'औदुंबर'चा पाचवा अर्थ कुणाकडे असेल तर अल्लीपूरला जरूर यावं, समासात अजून थोडी जागा आहे. फक्त पावसाळ्यात येऊ नका. यशोदेला पूर आला की अलमडोहचा रस्ता बंद असतो.