कपिलधारच्या चपला: एक मालकीहक्क-मीमांसा

बीड जिल्ह्यात मांजरसुंब्याजवळच्या कपिलधारला कार्तिकात मन्मथस्वामींच्या समाधीची यात्रा भरते. लातूर-नांदेडकडून पायी दिंड्या येतात. ‘परमरहस्य’कार संतांवर आणि तिथल्या धबधब्यावर पुष्कळ लिहून झाले. देवळाबाहेर काढून ठेवलेल्या चपलांवरचे शास्त्रीय विवेचन मात्र आमच्या पाहण्यात नाही. ही उणीव गंभीर आहे, कारण कोणती जागा कोणाची, हाच प्रश्न संगणकशास्त्र ‘मेमरी सेफ्टी’ अशा जड नावाने कित्येक दशके चघळत आहे.

पूर्वपक्ष सी भाषेचा. ती डेनिस रिचींनी १९७२ च्या सुमारास बेल लॅब्जमध्ये घडवली. तिच्यात पॉइंटर असतो. पॉइंटर म्हणजे चप्पल नव्हे. ‘तिसऱ्या पायरीशी, डाव्या अंगाला काढली होती’ ही आठवण. दर्शन होईपर्यंत तिथली चप्पल गेलेली असते आणि जागेवर भलत्याचीच आलेली असते. सी भाविकाला अडवत नाही. तो बेलाशक पाय सरकवतो आणि चालू लागतो. चालतोही झपझप, हे मान्य केले पाहिजे.

जावा भाषेच्या पंथात बेवारस चपला, म्हणजे कोणी न वापरणारी मेमरी, उचलायला सेवेकरी असतो. सोय उत्तम, फक्त त्याचा झाडू फिरताना मधूनच रांग खोळंबते.

उत्तरपक्ष रस्ट भाषेचा. त्याची पहिली स्थिर आवृत्ती २०१५ ची, स्वभाव हेडमास्तरांचा. जोडाचा मालक एका वेळी एकच. मालकी दिली की हक्क संपला. नुसती बघायला कितीही जणांना द्या. पण घालायला दिली तर एकालाच, आणि ती परत येईपर्यंत खुद्द मालकानेही तिच्याकडे बघायचे नाही. ही तपासणी देवळाच्या दारात नव्हे, मांजरसुंब्याच्या फाट्यावरच, म्हणजे प्रोग्रॅम चालण्याआधी कंपायलरपाशीच होते. उसनवारी तपासणाऱ्या ‘बॉरो चेकर’चे समाधान झाल्याशिवाय गाडी आत सुटत नाही.

यावर सी-पंथीयांचा आक्षेप ठरलेला: आम्ही काय कुक्कुली बाळे आहोत? प्रश्न रास्त, पण विचारणारा चुकीचा. मोकळीक एकाची आणि अनवाणी घरी जाणारा दुसराच, अशी ही व्यवस्था आहे. २०१४ साली उघडकीला आलेल्या ‘हार्टब्लीड’ या चुकीत ओपनएसएसएल या सुरक्षित संपर्काच्या सॉफ्टवेअरच्या सी-कोडात मागितलेली लांबी तपासायची राहिली होती. त्यामुळे सर्व्हर एका मागणीला ६४ किलोबाइटपर्यंत शेजारची मेमरी देऊन टाकी; तीत लोकांचे पासवर्डही असू शकत. त्या लोकांना सी आवडते का, हे कोणी विचारले नव्हते. म्हणून रस्टमधले ‘अनसेफ’ हे कलम आम्हांला सर्वांत प्रामाणिक वाटते: नियम मोडा, पण लेखी.

नियमवाद्यांनी मात्र मिशीला पीळ देऊ नये. ४ जून १९९६ रोजी एरियन-५ हे रॉकेट उडाले. त्याचे दिशादर्शन एडा या कडक सोवळ्यातल्या भाषेत होते. प्रोसेसरवर भार नको म्हणून सात चलांपैकी चारांनाच संरक्षण दिलेले. उरलेल्यांतली एक ६४ बिटी संख्या १६ बिटांत मावेना. चूक अचूक पकडली गेली, संगणक शिस्तीत बंद पडला आणि सुमारे चाळीस सेकंदांत यान संपले. कहर म्हणजे, ती गणना उड्डाणानंतर लागणारच नव्हती!

राहता राहिले, एखाद्याच्या हाती दोन्ही डाव्याच चपला येतात ते प्रकरण. मालक एकच, हस्तांतर रीतसर, आणि तरी दोन्ही डाव्या. डावी व उजवी असे दोन वेगळे प्रकार आधी घोषित केले असते तर कंपायलरने हेही पकडले असते. पण भर यात्रेत ते कोणी करायचे, यावर दोन्ही पक्ष एकमेकांकडे बोट दाखवतात.