नव्या विमा एजंटाने पहिलं गिऱ्हाईक कसं गाठावं

सर्वप्रथम अभिनंदन. 25 तासांचं प्रशिक्षण संपलं, आयसी-38 ची परीक्षा झाली, 50 पैकी 18 उत्तरं बरोबर आली आणि तुम्ही पास झालात. राहिलेल्या 32 प्रश्नांची चिंता करू नये. ते पुढे गिऱ्हाईक विचारणारच आहे.

एजन्सी कोड हातात पडला की शाखेत जावं. ज्यांनी तुम्हाला या धंद्यात आणलं ते विकास अधिकारी तिथे बसलेले असतात. त्यांना सगळे साहेब म्हणतात, तुम्हीही म्हणावं. साहेब चहा मागवतात, एक कोरा कागद पुढे सरकवतात आणि सांगतात, "ओळखीच्यांची 100 नावं काढा. विचार करू नका, नुसती लिहीत सुटा." बहुतेक नवे लोक चाळिसाव्या नावाला अडकतात आणि पेन चावत बसतात. तुम्ही अडकू नये. घरी जावं, माळ्यावरची पत्र्याची पेटी उतरवावी आणि आपल्या लग्नातली आहेराची वही बाहेर काढावी.

इतकी चोख माहिती कुठल्याही कंपनीच्या कॉम्प्युटरात नाही. नाव, गाव, नातं, ऐपत आणि दानत, सगळं एका ओळीत. '501 रोख, आत्याचे दीर, इस्लामपूर' एवढं वाचलं की अर्धं काम झालं. स्टीलचा डबा देणाऱ्यांना पहिल्या फेरीत वगळावं. मात्र डब्यावर नाव-तारीख कोरून दिली असेल तर तो माणूस लांबचा विचार करणारा आहे, त्याला पेन्शन योजना सांगावी. भिंतीवरचं घड्याळ देणारे चौघे तरी निघतात. ते हप्ता वेळेवर भरतील असं समजण्याचं काही कारण नाही. आणि ज्यांच्या नावापुढे काहीच लिहिलेलं नाही, म्हणजे जे नुसते जेवून गेले, त्यांच्याकडे सगळ्यात आधी जावं. त्यांच्या मनाला जराशी बोच असते.

भेटीला जाण्याआधी फोन करावा, पण विषय सांगू नये. "सहज, बरेच दिवसांत येणं झालं नाही," एवढंच म्हणावं. समोरचा तेवढ्यावरून ओळखतो, कारण गेल्या वर्षी त्याच्या साडूचा मुलगाही असाच सहज आला होता. घरी पोचल्यावर काकू पोहे आणतात. काकांनी टीव्हीचा आवाज कमी केला तर शुभशकुन; वाढवला तर पोहे संपवून उठावं.

बसायला मिळालंच तर एक पथ्य पाळावं. मरणाचं नाव काढू नये. आपल्याकडे आयुर्विमा विकताना मरण सोडून सगळ्या गोष्टी बोलायच्या असतात: मुलीचं लग्न, मुलाचं इंजिनिअरिंग, म्हातारपणचा आधार. अगदीच नाइलाज झाला तर "उद्या देव न करो..." म्हणून वाक्य अर्धवट सोडावं आणि छताकडे बघावं. काकू ताबडतोब म्हणतात, "अरे, तिन्हीसांजेला काय हे अभद्र!" विषय बदलतो. मग काका चमचा खाली ठेवून मुद्द्यावर येतात:

"ते राहू दे. मी धडधाकट राहिलो तर मला काय मिळेल ते सांग."

या प्रश्नाचं सरळ उत्तर असं आहे. काकांचा मुलगा समजा 30 वर्षांचा आहे, तंबाखू-सिगारेट नाही. त्याला 1 कोटीचा टर्म विमा वर्षाला साधारण 10 ते 15 हजारांत मिळतो. मुलगा गेला तर घराला कोटभर रुपये. राहिला तर काही नाही. हे ऐकून काका म्हणतात, "म्हणजे मेला नाही तर पैसे पाण्यात?" हेच काका स्कूटरचा विमा दरवर्षी भरतात आणि अपघात झाला नाही म्हणून कधी हळहळत नाहीत, पण हे तोंडावर बोलू नये.

तेव्हा तुम्ही पिशवीतून एंडोमेंट काढता. वर्षाला 50 हजार, 20 वर्षं, विमा रक्कम 10 लाख. हजारी 45 रुपये बोनस धरला तर वर्षाला 45 हजार होतात, 20 वर्षांत 9 लाख. मूळ 10 धरून 19. "भरले दहा, मिळाले एकोणीस," हे वाक्य सावकाश म्हणावं आणि कागदावर 19 भोवती गोल काढावा. या बोनसवर पुन्हा बोनस चढत नाही आणि सगळा हिशेब साडेपाच-सहा टक्के व्याजाच्या घरात जातो, हे काकांनी विचारलं तर सांगावं. ते विचारत नाहीत. 10 लाखांत त्या मुलाच्या बायकापोरांचं किती वर्षं भागेल, हेही ते विचारत नाहीत. तुम्ही आपणहून सांगायला हवं. पण कमिशन हप्त्यावर मिळतं, विमा रकमेवर नाही. 50 हजारांवरचे टक्के आणि 12 हजारांवरचे टक्के यांतला फरक कळायला परीक्षेतले ते 18 गुणही लागत नाहीत.

आता टार्गेट. एलआयसीची एजन्सी टिकवायची तर वर्षाला किमान 12 जणांचा विमा उतरवावा लागतो. शाखेच्या बोलीत बारा लाइव्ह्ज. मोजणी अशी करावी. स्वतःपासून सुरुवात, मग बायको, मग मुलं. धाकटा भाऊ नाही म्हणू शकत नाही. मेहुणा म्हणू शकतो, पण त्याची बायको त्याला म्हणू देत नाही. गणपतीला घरी येणाऱ्यांत दोन, दिवाळीच्या फराळात दोन, मामा एक. बारावं नाव मिळेना म्हणून सासूबाईंचा फॉर्म भरायला घेतला की वैद्यकीय तपासणी निघते आणि घरातलं वातावरण काही दिवस बिघडतं.

पुढची पायरी छापील मार्गदर्शिकांत नसते, म्हणून ती इथे दोनदा वाचावी. साहेबांनाही टार्गेट असतं आणि त्यात नवे एजंट आणण्याचा एक रकाना असतो. कंपनी कुठलीही असो, 100 नावांच्या यादीत पहिलं नाव तुमचंच असतं, आणि ते तुमची ओळख होण्याआधी लिहिलेलं असतं. तुम्ही गिऱ्हाईक शोधायला बाहेर पडलात असं तुम्हाला वाटतं. तेवढ्यात तुमच्या अख्ख्या घराण्याचा विमा उतरून झालेला असतो. वर्षभरात नातेवाईक संपतात, पाठोपाठ उत्साह संपतो, आणि नवा एजंट पुन्हा आपल्या जुन्या दुकानात जाऊन बसतो. मामा दुसरा हप्ता भरत नाही, कारण पहिला त्याने भिडेखातर भरलेला असतो. अशा मागे राहिलेल्या पॉलिसींना शाखेत 'ऑर्फन' म्हणतात. अनाथ. त्यांच्याकडे आपण परत येऊ.

नात्याबाहेर पडलात की पहिलं वाक्य कानावर येतं, "कमिशनमधलं किती सोडणार?" काही जण आडवळण घेत नाहीत, थेट म्हणतात, "पहिला हप्ता तू भर, पुढचे मी बघतो." हे म्हणणारा माणूस भाजीवर फुकट कोथिंबीर मागावी इतक्या सहज म्हणतो. इथे 1938 च्या विमा कायद्याचं कलम 41 पाठ असावं: कमिशनातला वाटा देणं गुन्हा, घेणंही गुन्हा, दंड 10 लाखांपर्यंत. हे सांगितल्यावर गिऱ्हाईक हसतं आणि म्हणतं, "तो शेजारचा तर देतो." तो देतो हेही खरं. आणि तो फार दिवस टिकत नाही हेही खरं, कारण पहिल्या वर्षाची कमाई वाटून टाकल्यावर दुसऱ्या वर्षी त्या घराचा उंबरा ओलांडायला त्याला कारणच उरत नाही.

जानेवारी ते मार्च ही पूर्वी सुगी असायची. जिल्हा परिषदेच्या शाळेत मधल्या सुट्टीला पोचायचं, 80-सी खालची दीड लाखाची वजावट फळ्यावरच्या गणितासारखी मांडायची, आणि "लवकर आटपा, घंटा होईल," असं मुख्याध्यापक म्हणेपर्यंत तीन सह्या झालेल्या असायच्या. आता ते दिवस नाहीत. 2023-24 पासून नवी करप्रणाली आपोआप लागू होते आणि तिच्यात ही वजावटच नाही. 'टॅक्स वाचतो' या दोन शब्दांवर ज्यांनी घरं बांधली ते जुने एजंट मार्चमध्ये शाखेत नुसते चहा पीत बसलेले दिसतात. बदल्यात 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आयुर्विम्याच्या हप्त्यावरचा जीएसटी शून्य झाला. ही बातमी घेऊन फिरावं, फक्त ती गिऱ्हाइकाला आधीच ठाऊक असते आणि तो विचारतो, "मग आधी भरलेला परत मिळेल का?" मिळणार नाही.

साताऱ्याकडे फिरत असाल तर निवृत्त गुरुजींना विम्याचं महत्त्व पटवायला जाऊ नये. तेच तुम्हाला सांगतात की 1913 मध्ये अण्णासाहेब चिरमुल्यांनी साताऱ्यात वेस्टर्न इंडिया लाइफ इन्शुरन्स कंपनी काढली. पुढे जानेवारी 1956 मध्ये, चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना, राष्ट्रीयीकरणाचा वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी 1 सप्टेंबरला 245 कंपन्या आणि संस्था मिळून एलआयसी झाली. ऐकून घ्यावं. दुपार जाते, चहा दोनदा होतो आणि गुरुजींचं वय पंच्याहत्तरीपुढचं असल्याने पॉलिसी काही होत नाही. पण त्यांचा नातू बंगळूरला असतो आणि त्याचा नंबर ते स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहून देतात. फ्लेक्स लावून असं गिऱ्हाईक मिळत नाही.

फ्लेक्सचा विषय निघालाच आहे तर: एमडीआरटी झालात की तो लागतोच. 1927 मध्ये अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात 32 विमा विक्रेते एकत्र जमले आणि त्यातून मिलियन डॉलर राउंड टेबल उभं राहिलं. त्याची सांगता आपल्या चौकात, नगरसेवकाच्या वाढदिवसाशेजारी, उसन्या कोटातल्या तुमच्या फोटोने होते. शुभेच्छुकांत मेहुण्याचं नाव घालायला विसरू नये.

डिसेंबरात कॅलेंडरं वाटावीत. ती बहुधा स्वतःच्या खिशातून घ्यावी लागतात. स्वयंपाकघराच्या भिंतीवर कालनिर्णय असतं. दुधाचा हिशेब आणि सिलिंडरची तारीख त्याच्यावर लिहितात. तुमचं कॅलेंडर दाराच्या मागे जातं. तेव्हा फोन नंबर मोठा छापावा, म्हणजे दार लावल्यावर तरी दिसेल.

आता त्या अनाथ पॉलिसी. नातेवाईक संपल्यावर शाखेत जाऊन त्यांची यादी मागावी आणि एकेक घर गाठावं. काही विकायला काढू नये. बॉण्ड बघायला मागावा. पत्ता जुना असतो, बँकेचा तपशील नोंदवलेला नसतो, आणि नॉमिनी म्हणून आईचं नाव असतं. आईला जाऊन बरीच वर्षं झालेली असतात आणि बायकोचं नाव कुठेच नसतं. एवढं दुरुस्त करून दिलं, बंद पडलेली पॉलिसी चालू करता येते का ते शाखेत विचारून आलात, की त्या घरात तुम्हाला पोह्यांच्या आधी पाणी मिळतं. नात्याशिवाय मिळालेलं गिऱ्हाईक ते हे.

नवा फॉर्म भरताना एक वाक्य हमखास येतं, "थोडीशी शुगर आहे, पण ते लिहू नकोस." लिहावं. हप्ता वाढला तरी लिहावं, गिऱ्हाईक उठून गेलं तरी लिहावं. कलम 45 प्रमाणे पॉलिसीला तीन वर्षं झाली की कंपनीला तिच्यावर आक्षेप घेता येत नाही. पण त्याआधी माणूस गेला तर दवाखान्यातले जुने केसपेपर निघतात, गोळ्यांची चिठ्ठी सापडते आणि दावा अडतो. त्या वेळी फॉर्म कोणी भरला होता, हे त्याच्या बायकोच्या पक्कं लक्षात असतं. टार्गेटच्या घाईत दडवलेली शुगर एजंटाला गाव सोडायला लावते.

दावा आला तर पहिल्या दिवशी इतरांसारखं जावं आणि पॉलिसीचं नाव काढू नये. तेरावा झाल्यावर फॉर्म घेऊन जावं. मूळ बॉण्ड, मृत्यूचा दाखला, नॉमिनीचं ओळखपत्र, रद्द केलेला चेक हे सगळं त्या बाईकडून गोळा करून घ्यावं आणि शाखेत स्वतः नेऊन द्यावं; तिला खिडकीपुढे उभं करू नये. या कामाचं कमिशन नाही. टार्गेटातही ते धरत नाहीत. पण त्या गल्लीतला तुमचा धंदा तिथून सुरू होतो, आणि तिथे कोणी "कमिशनमधलं किती सोडणार" असं विचारत नाही.

हे वाचणारे तुम्ही एजंट नसून काका असाल तर दोनच गोष्टी. पॉलिसी हातात आल्यापासून 30 दिवसांच्या आत ती परत करता येते, भाच्याला वाईट वाटलं तरी. आणि बॉण्ड कपाटात ठेवण्याआधी नॉमिनीचं नाव तेवढं वाचा.